आईचा चहा आईला परत द्या

पत्र

माझं वय ४९, राहणार मिरज. आई ७४ वर्षांची. बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते. गेलं वर्षभर ती विसरायला लागली आहे. एकच गोष्ट दहादा विचारते. दूध गॅसवर ठेवून देवघरात जाऊन बसते. परवा भाजी आणायला गेली आणि आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, कुठे वळायचं ते कळेना म्हणून उभी राहिली. शेजारच्या मुलानं आणून सोडलं. मावशीला शेवटची पाच वर्षं अल्झायमर होता, त्यामुळे माझ्या पोटात गोळा आलाय. न्यू जर्सीतल्या भावानं बातमी पाठवली की कॉफीनं स्मृतिभ्रंश टळतो. म्हणून दीड महिना आईचा चहा बंद करून रोज चार कप काळी कॉफी देतेय, शेवटचा रात्रीच्या जेवणाआधी. ती तोंड वाकडं करते, पण औषध म्हणून पिते. हल्ली रात्र रात्र झोपत नाही. दोनदा कडी काढून बाहेर गेली. मग मेडिकलमधून झोपेची गोळी आणून अधूनमधून अर्धी देते. बीपीची आणि थायरॉइडची गोळी आहे, ती सकाळच्या कॉफीबरोबरच देते, म्हणजे राहून जात नाही. कॉफी चालू ठेवू का? किती कप? चिकोरीवाली चालेल का? आणि मीही सुरू करू का? बाकी आई ठणठणीत आहे, फक्त ऐकू कमी येतं, टीव्ही मोठ्यानं लावते. मशीन मात्र नको म्हणते.

— एक लेक, मिरज

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचताना मी दोन जागी पेन्सिलीनं खूण केली. एक, 'कॉफीबरोबरच देते' आणि दुसरी, 'फक्त ऐकू कमी येतं'. तुम्ही विचारलेले चारही प्रश्न कॉफीचे आहेत. मला मात्र या दोन वाक्यांनीच धरून ठेवलं. कॉफीकडे येतेच, पण आधी आजच्या आज करायचं ते सांगते.

रात्रीचा कप आजपासून बंद. दुपारी दोननंतर कॉफी नको. कॅफिनचा अंमल उतरायला वेळ लागतो. साधारण पाच तासांनी निम्मं कॅफिन अजून रक्तात असतं आणि उतारवयात कित्येकांना त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आठच्या कपातलं निम्मं मध्यरात्रीनंतरही आईच्या अंगात शिल्लक. त्यावर तुम्ही झोपेची गोळी देताय! म्हातारपणी या गोळ्यांनी गोंधळ वाढतो, तोल जातो, आणि पहाटे बाथरूमला उठलेली आजी पडते. माझ्या ओपीडीत खुब्याचं हाड मोडून आलेल्या कितीतरी आज्यांच्या उशाशी अशी अर्धी गोळी सापडली आहे. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेली ती पट्टी फेकून देऊ नका, आईच्या डॉक्टरांना दाखवा. अधूनमधूनच देत असाल तर आता नव्यानं देऊ नका. रोजची झाली असेल तर अचानक तोडू नका, डॉक्टर सांगतील तशी कमी करा. दिवसाची कॉफीसुद्धा चारावरून एकदम शून्यावर आणू नका. डोकं दुखेल, चिडचिड होईल. आठवडाभरात उतरवा.

आता थायरॉइडची गोळी. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि चहा-कॉफी त्यानंतर निदान अर्ध्या तासानं, तासानं घेतली तर आणखी चांगलं. कॉफीबरोबर घेतली की ती आतड्यातून नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तीही चार तासांच्या अंतरानं. थायरॉइड कमी पडला की माणूस मंदावतो, सुस्तावतो, नावं आठवत नाहीत, बोलताना अडखळतो. आलं का लक्षात? आठवण टिकावी म्हणून दिलेली कॉफी, आठवणीसाठीच लागणाऱ्या गोळीच्या आड येत असण्याची शक्यता आहे. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. दोन्ही एकदम दिलं की राहत नाही, हा हिशेब कोणीही करेल. यावर एक सोपी युक्ती आहे. गोळी आणि पाण्याचा तांब्या रात्रीच आईच्या उशाशी ठेवा आणि तुम्ही दूध घ्यायला उठाल तेव्हा तिला द्या. तिच्या तिच्या हातात सोपवू नका, ती दोनदाही घेईल. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, आत्ता एकदा करून घ्या आणि असं नीट सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा.

आता भावाची बातमी. ती खोटी नाही, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्हा दोघांत माझ्यामुळे भांडण लागायचं. ती बहुधा २०२६च्या फेब्रुवारीत 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाची असावी. तिथल्या परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातले पुरुष मिळून एक लाख ३१ हजारांवर माणसं, काहींचा पाठपुरावा तब्बल ४३ वर्षं. दर काही वर्षांनी त्यांना काय खाता, काय पिता हे विचारत गेले. त्यांतल्या ११ हजारांवर लोकांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. कॅफिनवाली कॉफी सर्वांत जास्त पिणाऱ्यांमध्ये ते प्रमाण, जवळजवळ न पिणाऱ्यांच्या तुलनेत, १८ टक्क्यांनी कमी निघालं. कॅफिन काढलेल्या कॉफीत असा फरक दिसला नाही. आणि भावानं पुढे पाठवताना गाळलेली गोष्ट म्हणजे फायदा सर्वांत ठळक दिसला तो दिवसाला दोन-तीन कप कॉफीला किंवा एक-दोन कप चहाला. चहाला, ताई! तुम्ही जो बंद केलात तो.

त्याआधीचा गाजलेला अभ्यास फिनलंडचा, २००९ सालचा. कुओपिओ आणि योएन्सू या भागांतली १४०९ माणसं, सुमारे २१ वर्षांनी पुन्हा तपासलेली. मध्यमवयात रोज तीन ते पाच कप कॉफी पिणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका ६५ टक्क्यांनी कमी, असा आकडा आला आणि तो जगभर फिरला. अजूनही फिरतोय. पण त्या सगळ्यांत मिळून स्मृतिभ्रंश झालेली माणसं होती ६१. ती ६१ कमी, मध्यम, जास्त कॉफीच्या गटांत वाटली की एकेका गटात किती उरतील ते बघा. चार-पाच माणसं इकडची तिकडे झाली असती तरी आकडा बराच हलला असता. उलट बाजूनं, ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या प्रचंड नोंदवहीतल्या जवळपास चार लाख लोकांची माहिती ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये तपासली. तिथे दिवसाला सहा कपांहून जास्त कॉफी पिणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची शक्यता एक-दोन कपवाल्यांपेक्षा ५३ टक्क्यांनी जास्त दिसली. तेव्हा औषध म्हणून कपांमागून कप पाजणं, हे तर कोणत्याच अभ्यासात बसत नाही.

हे सगळे अभ्यास बघून नोंदवण्याचे आहेत. कोणी कुणाला कॉफी दिली नाही, की कुणाची तोडली नाही. पुण्यात पहाटे पर्वती चढणारी मंडळी बघा. त्यांचे गुडघे इतरांपेक्षा बरे असतात हे कोणीही मोजून दाखवील. पण पर्वती चढल्यानं गुडघे बरे राहिले, की ज्यांचे गुडघे दुखतात ते घरीच बसले म्हणून वर फक्त चांगल्या गुडघ्यांचे दिसतात? कॉफीचंही तसंच आहे. मेंदूचा आजार वर दिसायच्या कित्येक वर्षं आधी आत सुरू झालेला असतो. त्या काळात झोप बिघडते, छातीत धडधडतं, बीपी वाढतं आणि माणूस आपणहून किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॉफी कमी करतो. मग कमी पिणाऱ्यांत आजारी जास्त दिसणारच. संशोधक हे हिशेबात धरायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण धुऊन निघत नाही.

आणि १८ टक्के म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना कॉफीनं वाचवलं असं नव्हे. समजा, शंभरातल्या दहा जणांना एरवी हा आजार होणार असेल, तर त्या दहाचे साधारण आठ होतील, तेही फायदा खरोखर कॉफीचाच असेल तर. भावाला हे अवश्य कळवा.

कॉफीत काहीच दम नाही असंही मी म्हणणार नाही. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन दिवसभर साठत जातं आणि आपल्याला पेंग आणतं. कॅफिन त्याच्या बसायच्या जागा अडवून धरतं, म्हणून तरतरी येते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत याच अडवण्यानं मेंदूच्या पेशींना थोडं संरक्षण मिळाल्याचं दिसलंय. शिवाय कॉफीत क्लोरोजेनिक आम्लासारखी दाहशामक द्रव्यंही आहेत. म्हणून या अभ्यासांना मी हसून सोडून देत नाही. पण त्यांतली बहुतेक माणसं मध्यमवयात, धडधाकट असताना, आपल्या आवडीनं कॉफी पीत होती. विसर पडायला लागलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला नावडती काळी कॉफी पाजली तर विसर थांबतो का, हे या अभ्यासांनी तपासलेलंच नाही. तुमच्या आईच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. औषध म्हणून कॉफी बंद. सकाळचा आणि दुपारचा चहा, तिला लागतो तसा, सुरू.

चिकोरीचं विचारलंत म्हणून सांगते. चिकोरी म्हणजे एक भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफिन नसतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मिश्र पुडीत निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, आणि पुडीवर प्रमाण छापलेलं असतं. चवीला मला ती आवडते. माझ्या माहेरी कॉफी म्हणजे दूध आटवून, वेलदोडा घालून, वर सहाणेवर उगाळलेलं जायफळ, आणि तीही पाहुणे आले किंवा कोणाला ताप आला तरच. फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी ती पाहिली असती तर खिरीत मोजली असती.

आता दुसऱ्या खुणेकडे येते. 'फक्त ऐकू कमी येतं.'

'लॅन्सेट' या नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टींची यादी दिली. त्या चौदाही गोष्टी जगातून नाहीशा झाल्या तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत कॉफी नाही. वरच्या दोन जागा सारख्याच वजनाच्या, प्रत्येकी सात टक्के: एक मध्यमवयात वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल आणि दुसरी कमी ऐकू येणं. बाकीच्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, हालचाल नसणं, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण, अधू नजर वगैरे.

कान आणि आठवणीचा संबंध घरात बसूनही दिसतो. तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणता, 'आई, दूध बघ हं.' तिला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं ती अंदाजानं भरते. जे कानात शिरलंच नाही ते आठवणार कुठून? आपण म्हणतो, विसरली. दहा वेळा तेच विचारते त्यातलं किती विसरणं आणि किती ऐकू न आलेलं, हे कान तपासल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही. शिवाय ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत बसणं सोडतो, हसायचं तिथे नुसता हसतो आणि हळूहळू गप्प होतो. आपल्याकडे याला म्हातारचळ म्हणून मोकळे होतात. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर तयारच आहे.

मशीननं खरंच फरक पडतो का? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून, अर्ध्यांना श्रवणयंत्रं आणि अर्ध्यांना आरोग्याविषयी नुसतं मार्गदर्शन दिलं होतं. सगळे मिळून पाहिलं तर फारसा फरक नव्हता. पण ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्या गटात यंत्र लावणाऱ्यांची बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. रामबाण उपाय म्हणून मी हे सांगत नाही. पण चार कप कॉफीपेक्षा हा पुरावा जास्त भक्कम आहे, आणि मशीननं निदान रात्रीची झोप जात नाही.

तेव्हा या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जा. आधी कानातला मळ बघायला सांगा. हसू नका, गच्च बसलेला मळ काढल्यावर 'पंख्याचा आवाज येतोय' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. मग श्रवणचाचणी. चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदूही त्याच फेरीत बघून घ्या.

आणि मुख्य काम मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा वृद्धांचे आजार बघणाऱ्या फिजिशियनकडे. गल्लीच्या तोंडाशी वाट न कळणं ही मला हलक्यात घ्यायची गोष्ट वाटत नाही. ते आठवणीची चाचणी घेतील. तारीख, वार, ऐकलेले शब्द परत सांगणं, घड्याळ काढणं असलं काहीतरी. आईसमोर उत्तरं सांगू नका, मुली हमखास सांगतात. रक्तात टीएसएचबरोबर बी-१२, साखर, सोडियम, मूत्रपिंड आणि यकृत एवढं बघायला हवं. आई शाकाहारी असेल तर बी-१२ कमी निघण्याची शक्यता चांगलीच आहे आणि ते भरून काढता येतं. बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं, तेही माणसाला गोंधळात टाकतं. गेल्या काही महिन्यांत पडली होती का, डोकं आपटलं होतं का, ते आठवून सांगा. बाबा गेल्यापासून ती उदास असते का, तेही सांगा. उतारवयातलं नैराश्य हुबेहूब विसरण्याचा वेष घेऊन येतं. जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. सर्दी-खाजेच्या, पित्ताच्या, काढे, सगळी.

यातून अल्झायमरच निघाला तर? निघू शकतो. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि बायकांत प्रमाण जास्त. तुम्ही एकट्या नाही, एवढंच त्यातून घ्यायचं. सध्या कडी वरच्या बाजूला लावा, दाराला घंटी बांधा, आईच्या बटव्यात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे, तोही लिहून ठेवा.

आता तुम्ही. मावशीला होता, आईला असेल-नसेल, म्हणून तुमच्या कपाळी लिहिलेलाच आहे असं नाही. सत्तरीनंतर सुरू होणाऱ्या या आजारात नात्यानं धोका थोडा वाढतो, एवढंच. तुम्हाला कॉफी आवडत असेल तर दोन कप खुशाल घ्या, साखर बेतानं, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर सोडून, म्हणजे जेवणातलं लोह वाया जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ मध्ये हेच सांगितलंय आणि कॅफिनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम घातली आहे. चहा आवडत असेल तर कॉफीच्या नादी लागायचं कारण नाही. पण पत्रात तुमचं स्वतःचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल कुठेच नाही. चाळिशी-पन्नाशीत खरी कमाई तिथे होते. आणि झोप! आई जागी म्हणून तुम्ही जाग्या, असे किती आठवडे गेले? ब्रिटनमध्ये जवळपास आठ हजार सरकारी नोकरांना पंचवीस वर्षं पाहिलं, तेव्हा पन्नाशी, साठी, सत्तरीत सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंश ३० टक्क्यांनी जास्त आढळला. आठवड्यातल्या दोन रात्री तरी आईपाशी दुसरं कोणी झोपेल असं बघा. नवरा, मुलगा, पैसे देऊन ठेवलेली बाई, कोणीही.

राहिला भाऊ. तो लांबून तळमळतोय, म्हणून बातम्या पाठवतो. त्याला काम द्या. चांगलं श्रवणयंत्र स्वस्त नसतं, त्याचा खर्च तो उचलू शकतो. एकटेपणाही त्या चौदांत आहे, तेव्हा त्यानं रोज ठरल्या वेळी आईला व्हिडिओ कॉल करावा. तिकडची सकाळ, इथली संध्याकाळ, चहाची वेळ. मशीन आल्यावर पहिले आठ-दहा दिवस आई कुरकुर करेल, भांडी फार वाजतात म्हणेल, काढून डब्यात ठेवेल. सुरुवातीला दिवसाला तासभरच लावा, आणि तो तास भावाच्या फोनचा ठेवा.